क्रूझर की टूरिंग बाइक: ठाणे-नवी मुंबईत राहून निवड कशी करावी

क्रूझर घ्यावी की टूरिंग बाइक, असा सल्ला विचारायला येणाऱ्यांनी इंजिन, बजेट आणि रंग बहुधा आधीच ठरवलेला असतो. आपल्या पायाची आतली लांबी किती भरते आणि सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प किती चढाचा आहे, हे मात्र कोणी मोजून आलेले नसते. मी ठाण्यात सहा वर्षे क्रूझर चालवली आणि गेली पाच वर्षे टूरिंग बाइक चालवतो आहे. या अकरा वर्षांत माझे असे मत बनले आहे की दोन्ही प्रकारांतला फरक ताशी ऐंशीच्या वेगाला फारसा जाणवत नाही. तो ताशी शून्य ते वीसच्या दरम्यान, म्हणजे सिग्नलला, खड्ड्यात, यू-टर्न घेताना, रॅम्पवर आणि गाडी पार्किंगमधून मागे ओढताना जाणवतो. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये जाहिरातीत दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना मी जास्त जागा दिली आहे.

दोन प्रकार म्हणजे नेमके काय

सीट खाली, हँडल मागे ओढलेले, पाय पुढे ताणलेले आणि दोन चाकांमधले अंतर जास्त, अशी घडण म्हणजे क्रूझर. ही घडण अमेरिकेतल्या लांबच लांब, सरळ रस्त्यांवर रुजली. आपल्याकडे २००५ मध्ये आलेल्या बजाज अ‍ॅव्हेंजरने ती मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आणली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ने ती पुन्हा लोकप्रिय केली. त्याच घराण्यातली मोठी बहीण म्हणजे २०२३ च्या जानेवारीत आलेली सुपर मीटिऑर ६५०.

‘टूरिंग’ हा शब्द जरा फसवा आहे. परदेशात त्याचा मूळ अर्थ होंडा गोल्डविंगसारखी, सामानाच्या पेट्यांसह बांधलेली अवजड बाइक असा होतो. आपल्याकडे मात्र ‘टूरर’ म्हटल्यावर उंच, लांब सस्पेन्शनची (म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉकअपची) अ‍ॅडव्हेंचर बाइकच डोळ्यांसमोर येते. या प्रकाराचे मूळ १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एसपर्यंत जाते. आपल्या बाजारात रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. बजाज डोमिनार ४०० ही थोडी वेगळी, डांबरी रस्त्यावरची टूरर आहे. या लेखात टूरिंग म्हणजे या दोन्ही गोष्टी धरल्या आहेत, पण तुलना प्रामुख्याने उंच बाइकशी केली आहे, कारण द्विधा तिथेच होते.

पहिली पायरी: महिनाभराची वही

बाइक घेण्याआधी एक महिना, सध्या हाताशी असलेल्या स्कूटरवर का होईना, प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी: कुठून कुठे, किती किलोमीटर, एकटे की मागे कोणी, आणि वाटेत किती वेळ गाडी नुसती रांगत होती. उदाहरण म्हणून कासारवडवलीहून ऐरोलीला नोकरीला जाणारा माणूस घ्या. जाऊन-येऊन त्याचे चाळीसएक किलोमीटर होतात. महिन्याला २२ दिवस धरले, तर वर्षाला सुमारे १०,५०० किलोमीटर नुसते ऑफिसचे झाले. याच माणसाने वर्षातून सहा वेळा तीनशे किलोमीटरची भटकंती केली, तरी ती १,८०० किलोमीटरच भरते. म्हणजे ज्या प्रवासासाठी तो बाइक घेतो आहे असे त्याला वाटते, तो एकूण धावेचा सातवा हिस्सा आहे.

भटकंतीला किंमत द्यायची नाही असा याचा अर्थ नाही. ऑफिसला जाण्यासाठी कोणी साडेतीनशे सीसीची गाडी घेत नाही, हे मलाही कळते. पण वहीतला आकडा पाहिल्यावर निदान एवढे तरी होते की लडाखच्या एका सहलीसाठी, जी अजून ठरलेलीही नाही, रोजच्या दोन तासांचा जीव काढणारी गाडी माणूस घेत नाही.

दुसरी पायरी: आपल्याला कोणते रस्ते खुले आहेत

आपल्या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि शोरूममध्ये तिचा उल्लेखही होत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा किनारी रस्ताही दुचाकीस्वाराने लांबूनच पाहायचा आहे. थोडक्यात, वेगासाठी बांधलेला जवळपास प्रत्येक नवा रस्ता आपल्यासाठी बंद आहे.

मग उरते काय? पुण्याकडे पनवेल-खोपोली-खंडाळा हा जुना महामार्ग, नाशिककडे भिवंडी बायपासवरून शहापूर आणि कसारा घाट, नगरकडे मुरबाडवरून माळशेज, आणि कोकणात पनवेलवरून पेण-माणगाव-महाड. या सगळ्या वाटांवर ट्रक, एसटी, गावातले गतिरोधक, दुरुस्तीची वळणे आणि घाट आहेत. शिवाय केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, तर महापालिका हद्दीत ती ६० आहे. त्यामुळे ‘ही गाडी एकशेवीसला शांत राहते का’ या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते असे: साठच्या वेगाने जाताना पुढे कंटेनर आला तर तो ओलांडण्याइतका जोर शिल्लक राहतो का, आणि अशा रस्त्यावर चार तास बसल्यावर कंबर काय म्हणते?

तिसरी पायरी: पायाची लांबी मोजणे

अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून उभे राहावे. जाड पुठ्ठ्याचे एखादे पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितके वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करावी. खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली लांबी. दोन वेळा मोजावी, कारण पहिल्या वेळी पुस्तक तिरके धरले जाते. त्यात रोजच्या बुटाच्या तळव्याची जाडी मिळवावी. ती साधारण अडीच-तीन सेंटिमीटर असते.

आता सीटची उंची पाहू. अ‍ॅव्हेंजरची ७३७ मिलिमीटर, सुपर मीटिऑर ६५० ची ७४०, मीटिऑर ३५० ची ७६५, डोमिनार ४०० ची ८००, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, आणि हिमालयन ४५० ची सीट बसवण्याच्या पद्धतीनुसार ८२५ किंवा ८४५. कागदावर अ‍ॅव्हेंजर आणि हिमालयनमध्ये दहा सेंटिमीटरचे अंतर आहे आणि सिग्नलला ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

माझा ठोकताळा असा आहे. सीटची उंची तुमच्या बुटासकटच्या लांबीइतकी किंवा कमी असेल, तर दोन्ही पाय जवळजवळ सपाट टेकतात. ती चार-पाच सेंटिमीटर जास्त असेल, तर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, आणि सवयीने ते पुरते. सात-आठ सेंटिमीटर जास्त असेल, तर सीटवर एका बाजूला सरकून एकच पाय नीट टेकवता येतो. हेही जमते, अनेक जण सहज करतात, पण त्यासाठी थांबण्याआधी ‘कोणता पाय टाकायचा’ हे ठरवण्याची सवय लागते. आणि ज्या बाजूला पाय टाकायचा नेमका तिथेच खड्डा निघाला तर गाडी जाते. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि हिशेबातले एक-दोन सेंटिमीटर वाया जातात. उलट तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबते आणि थोडे परत मिळतात. म्हणून आकड्यावरून फक्त चाळणी करावी, निर्णय प्रत्यक्ष बसूनच घ्यावा, तोही ऑफिसला जाताना घालता त्याच बुटांवर.

चौथी पायरी: खड्डा आणि माकडहाड

माझ्या मते ठाण्याच्या माणसासाठी सगळ्यात निर्णायक बाब हीच आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

क्रूझरवर पाय पुढे असतात. त्यामुळे शरीराचा बहुतेक भार थेट बैठकीवर, म्हणजे माकडहाडावर आणि कण्याच्या खालच्या मणक्यांवर येतो. समोर खड्डा दिसला, तो चुकवता येणार नाही हे कळले, तरी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जोर देऊन सीटवरून दोन इंच उठता येत नाही. पाय शरीराच्या पुढे असताना उठणे म्हणजे खुर्चीत पाय लांब करून बसल्या जागेवरून हात न लावता उठणे, करून पाहा. टूरिंग बाइकवर फूटपेग जवळजवळ कमरेच्या खाली येतात, त्यामुळे खड्ड्याआधी किंचित उठता येते आणि गुडघे, मांड्या हेच जास्तीचे शॉकअप होऊन जातात. खड्डा तोच असतो, पण एका गाडीवर तो पायांतून जातो आणि दुसऱ्या गाडीवर कण्यातून.

त्यावर सस्पेन्शनचा फरक येतो. सुपर मीटिऑर ६५० चे मागचे सस्पेन्शन १०१ मिलिमीटर दबते, तर हिमालयन ४५० चे पुढचे आणि मागचे दोन्ही २०० मिलिमीटर. जमिनीपासूनची उंची पाहिली तर पहिलीची १३५ आणि दुसरीची २३० मिलिमीटर आहे. चाकाचा व्यासही इथे कामाला येतो. अ‍ॅव्हेंजरचे पुढचे चाक १७ इंचांचे आहे, मीटिऑरचे १९ आणि हिमालयन ४५० चे २१. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यात कमी उतरते आणि काठावर कमी आपटते.

घोडबंदर रोडवर पावसाळ्यात गायमुखच्या घाटात काय होते, ते तिथून रोज जाणाऱ्याला सांगायला नको. क्रूझरच्या चौथ्या वर्षी मला ऑफिसात पोचल्यावर खुर्चीत बसताना कंबर सावरून बसावे लागू लागले. हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘बाइक कोणती?’ असा नव्हता, ‘पाय पुढे ठेवून चालवता का?’ असा होता. वाशीत राहून पाम बीच रोडने बेलापूरला जाणाऱ्याला हा अनुभव येण्याचे काही कारण नाही, आणि म्हणूनच मी त्याला क्रूझर घेऊ नको असे सांगत नाही. शहर एकच असल्यासारखे आपण ‘ठाणे-नवी मुंबई’ म्हणतो खरे, पण बाइकच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावे आहेत.

गतिरोधकांबद्दल एक गोष्ट सांगतो. भारतीय रस्ते परिषदेच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असायला हवी. असा गतिरोधक कोणतीही क्रूझर न घासता ओलांडते. गल्लीतल्या लोकांनी रात्रीतून ओतलेला अरुंद, उभा उंचवटा वेगळा. दोन चाकांमधले अंतर १,५०० मिलिमीटर आणि उंची १३५, अशा गाडीवर मागे कोणी बसले असेल तर पोट घासल्याचा आवाज येतो. तुमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत असे किती उंचवटे आहेत ते एकदा मोजून ठेवा.

पाचवी पायरी: रॅम्प, पार्किंग आणि पडलेली गाडी

माझी क्रूझर सहा वर्षांत एकदाच पडली, तीही उभ्या उभ्या. आमच्या सोसायटीत पोडियमवर पार्किंग आहे आणि रॅम्पच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्यासाठी लोखंडी जाळी बसवलेली आहे. जुलैच्या एका संध्याकाळी त्या जाळीवर पुढचे चाक वळलेले असताना मी ब्रेक दाबला. चाक चार बोटे सरकले, गाडी उजवीकडे कलली, आणि एका विशिष्ट कोनानंतर ती धरून ठेवणे माझ्या हातात राहिले नाही. वॉचमन काका धावत आले आणि आम्ही दोघांनी मिळून ती उचलली. वेग शून्य होता.

वजनाचा आकडा याच क्षणी महत्त्वाचा ठरतो. मीटिऑर ३५० चे वजन १९१ किलो, हिमालयन ४५० चे १९६, व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे १६७, आणि सुपर मीटिऑर ६५० चे २४१. पहिल्या दोघींत फरक पाच किलोंचा आहे, पण हिमालयनचे वजन उंचावर असल्याने कलल्यावर सावरायला ती जड वाटते. उलट क्रूझरचे वजन खाली असते आणि दोन्ही पाय टेकलेले असतात, म्हणून ती सहसा कलतच नाही. मात्र पुढचा काटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, तिरका आणि चाकांतले अंतर जास्त असल्यामुळे अरुंद जागेत ती वळायला नाखूश असते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, जिथे चार स्कूटरच्या मधून गाडी काढायची असते, तिथे ही नाखुशी रोज सकाळी भोगावी लागते.

यासाठी तीन गोष्टी करून पाहाव्यात. टेपने आपल्या पार्किंगची लांबी-रुंदी मोजावी आणि गाडीची लांबी तिच्याशी ताडून पाहावी. शोरूमच्या अंगणात, इंजिन बंद ठेवून आणि सीटवर बसून, किंचित चढावर गाडी पायांनी मागे ढकलून पाहावी. टूरिंग बाइकवर चवडेच टेकत असतील तर हे जमत नाही, मग उतरून ढकलावे लागते. तिसरे म्हणजे, गाडी पडल्यावर एकट्याने उचलायची रीत शिकून घ्यावी: आधी इंजिन बंद करावे, गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा आणि गाडी गिअरमध्ये टाकावी. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून सीटकडे पाठ करून बसकण मारावी, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर छोटी पावले टाकत मागे सरकावे. गाडी तोंडासमोर धरून ओढणारा माणूस गाडीबरोबर आपली पाठही पाडून घेतो.

सहावी पायरी: मागे कोण बसणार

नव्या टूरिंग बाइकवर आईला सोमवारी कोपिनेश्वराला घेऊन जायचे ठरले, तेव्हा ती खाली उभी राहून म्हणाली, “अरे, ही गाडी आहे की उंट?” शेवटी ती फुटपाथच्या कडेवर चढून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन बसली. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या व्यक्तीला उंच मागची सीट खरोखरच अवघड जाते, आणि तसे बसल्यावर उंच गाडीचा तोलही जास्त ढळतो. क्रूझरवर चढणे-उतरणे सोपे असते. मात्र मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो आणि सस्पेन्शन आखूड असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका चालवणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त बसतो. चार तासांच्या प्रवासाला टूरिंगची रुंद, सपाट सीट बरी, आणि दहा मिनिटांच्या प्रवासाला क्रूझरची बुटकी. मागे नेहमी बसणारी व्यक्ती टेस्ट राइडला बरोबर असलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी हेल्मेटही न्यावे, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे.

सामानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर वजनदार वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे बांधाव्यात. मागच्या कॅरिअरवर उंच पेटी लावून वाशीच्या खाडीपुलावर आडव्या वाऱ्यात गाडी चालवली की त्याचे कारण आपोआप समजते.

सातवी पायरी: घाट आणि गर्दी यांना लागणारे इंजिन

मीटिऑर ३५० चे इंजिन २७ न्यूटन-मीटरचा सर्वोच्च टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ४,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) देते, तर हिमालयन ४५० चे ४० न्यूटन-मीटरचा ५,५०० आरपीएमला. ताकदीत दोघींमध्ये जवळपास दुपटीचा फरक आहे: २०.२ बीएचपी आणि ४० पीएस. पण हे आकडे नीट वाचले तर दोन वेगळे स्वभाव दिसतात. पहिलीचा जोर कमी आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे विटावा-कळवा पट्ट्यात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर क्लच न दाबता ती बऱ्यापैकी सरपटत राहते. दुसरीचा जोर वर आहे, म्हणून गर्दीत गिअर पुन्हा पुन्हा खाली घ्यावा लागतो.

घाटात पारडे फिरते. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे किलो सहज होतात. एवढे वजन घेऊन कसारा चढताना कंटेनरच्या मागे ताशी तीसला अडकल्यावर मीटिऑरला तिसऱ्या गिअरवर आणून, मोकळी जागा लांबपर्यंत पाहूनच ओव्हरटेक करावा लागतो. हिमालयन किंवा डोमिनार ते निम्म्या अंतरात उरकते. शिवाय क्रूझरचे फूटपेग खाली असल्यामुळे माळशेजच्या वळणांवर थोडे जास्त कलले की ते रस्त्याला घासतात. तो आवाज मर्दानगीचा पुरावा म्हणून सांगणारे असतात. त्यांच्या मागे बसू नये.

उन्हाळ्यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. हिमालयन ४५० सारख्या लिक्विड कूलिंगच्या, म्हणजे द्रवाने थंड होणाऱ्या, इंजिनाचा पंखा गर्दीत सुरू झाला की गरम हवा पायांवर येते. मे महिन्यात साकेत पुलावर अर्धा तास अडकून हे एकदा अनुभवावे, आणि मग ठरवावे.

आठवी पायरी: चार महिने पाऊस

ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पावसात दोन्ही प्रकारांची बाजू घेता येते. साचलेल्या पाण्यात उंच गाडीचे इंजिन आणि हवेची वाट सुरक्षित राहते, पण त्याच पाण्याखालचा खड्डा दिसत नसताना दोन्ही पाय टेकवता येणे ही क्रूझरची मोठी सोय आहे. टूरिंग बाइकवर दुहेरी वापराचे, मोठ्या गट्ट्यांचे टायर असतील, तर ओल्या काँक्रीटवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांची पकड रोड टायरपेक्षा कमी पडते. तुम्ही मातीत वर्षातून एकदाच जाणार असाल, तर टायर बदलताना रस्त्याकडे झुकणारे घ्यावेत.

चाकात ट्यूब आहे की ट्यूबलेस, हे विचारल्याशिवाय बुकिंग करू नये. ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकाचे पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. रात्री नऊ वाजता इगतपुरीच्या अलीकडे ते काम काय असते, हे मी एकदा केले आहे आणि पुन्हा करणार नाही. चेनला मात्र दोन्हीकडे सारखीच माया लागते: दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, साफ करून वंगण द्यावे.

नववी पायरी: पैशाची रेषा ३५० सीसीला

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यापुढच्या दुचाकींवर पूर्वी सेससह ३१ टक्के लागत होते, तिथे ४० टक्के झाले. म्हणजे कराआधीच्या प्रत्येक लाखामागे रेषेच्या दोन बाजूंना २२,००० रुपयांचा फरक पडतो. मीटिऑर ३५० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स रेषेच्या आत आहेत, हिमालयन ४५० आणि सुपर मीटिऑर ६५० बाहेर. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० सीसीलाच बदलतो, आणि नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. त्यामुळे एक्स-शोरूम, म्हणजे विमा आणि नोंदणीआधीच्या, किमतीवर तुलना करू नये. ऑन रोड किमतीचे कागद दोन्ही गाड्यांचे मागावेत आणि शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावेत. उरलेल्या पैशात आधी चांगले आयएसआय हेल्मेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्यावेत. क्रॅश गार्ड आणि जादा दिवे नंतर.

जुनी गाडी चालत असेल, तर २०१६ ते २०२३ दरम्यानची ४११ सीसीची हिमालयन पाहायला हरकत नाही. तिची सीट ८०० मिलिमीटरची आहे, त्यामुळे नवीन ४५० वर पाय पुरत नाहीत अशा बऱ्याच जणांचे तिथे जमते. पण जड आहे, १९९ किलो.

दहावी पायरी: टेस्ट राइड अशी करावी

शोरूमची दोन किलोमीटरची फेरी पुरत नाही. एका ठिकाणी मला तर मागे माणूस बसवून चालवायला सरळ नकार मिळाला. तिथून मी निघून आलो. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्या अंतराने चालवावेत, म्हणजे शरीराला फरक आठवतो. फेरीत एक पूर्ण यू-टर्न, चढावर थांबून पुन्हा निघणे, एक खराब पट्टा आणि निदान दहा मिनिटांची खरी गर्दी असावी. परत आल्यावर लगेच उतरू नये. गाडी स्टँडवर लावून वीस मिनिटे तशीच बसून राहावे आणि मान, मनगटे, कंबर, गुडघे काय सांगतात ते ऐकावे. विक्रेता चहा विचारतो तेवढ्या वेळात बरेच कळते.

याहून चांगला मार्ग म्हणजे दोन वेगळ्या रविवारी दोन्ही प्रकार भाड्याने घेणे. अधिकृत भाड्याच्या बाइकची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी ‘भाड्याने’ देत असेल तर अपघातात विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात येतो. ठाण्याहून इगतपुरीला जाऊन परत यावे, साधारण दोनशे किलोमीटर होतात आणि त्यात बायपासची गर्दी, सरळ महामार्ग आणि घाट तिन्ही येतात. नवी मुंबईकराने जुन्या महामार्गाने खोपोलीमार्गे लोणावळा गाठावे. सोमवारी सकाळी उठताना ज्या गाडीची आठवण कंबरेला होत नाही, तिच्या नावापुढे खूण करावी.

मग कोणी काय घ्यावे

उंची पाच फूट पाचच्या आत, रोजचा प्रवास नवी मुंबईच्या सेक्टरांमधला किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याचा, मागे आई-वडील किंवा साडी नेसणारी व्यक्ती, आणि वर्षातून तीन-चार सहली, अशा माणसाने निःशंकपणे साडेतीनशेची क्रूझर घ्यावी. मीटिऑर ३५० ला १५ लिटरची टाकी आहे. लिटरला ३० चे अ‍ॅव्हरेज धरले तरी साडेचारशे किलोमीटर पंपाकडे पाहावे लागत नाही. ज्याचे गाव कोकणात आहे आणि जो दर महिन्याला महाड-चिपळूणकडे जातो, किंवा ज्याची रोजची वाट घोडबंदरची आहे, किंवा ज्याला कंबरेचा त्रास आधीपासून आहे, त्याने पाय पुरत असतील तर टूरिंग घ्यावी, आणि पाय पुरत नसतील तर डोमिनारसारखी ८०० मिलिमीटरची पाहावी. सुपर मीटिऑर ६५० मला मनापासून आवडते, पण रोज रॅम्प चढवायला मी ती कोणालाच सुचवणार नाही.

पुष्कळांना खरे तर दोन्ही नको असतात. सरळ बसण्याची, पाय खाली ठेवण्याची, साधी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० किंवा होंडा सीबी ३५० त्यांच्या वहीतल्या नोंदींना जास्त जुळते. फक्त वही लिहिल्याशिवाय ते त्यांच्या लक्षात येत नाही.

गाडी ताब्यात घेताना शोरूममध्येच दोन गोष्टी करून घ्याव्यात. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तुमच्या मनगटाच्या सरळ रेषेत येतील असे फिरवून घ्यावेत, आणि मागच्या शॉकअपचा ताण तुमच्या वजनानुसार लावून घ्यावा. तो कारखान्यातून एका सरासरी माणसासाठी लावलेला येतो. मीटिऑरला त्यासाठी सहा खाचा आहेत. एकट्यासाठी कोणती बरी आणि मागे माणूस असताना कोणती, हे पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये पाहून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. आईला घेऊन निघायच्या आधी दोन खाचा वाढवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्यापूर्वी उतरवायच्या.